गावच्या खोलीची किल्ली

चाळीस वर्षं आमच्या आबांच्या करदोड्याला एक किल्ली लटकलेली होती. पितळेची, चांगली बोटभर लांब. आई होती तोवर त्यावरून त्यांना सोडत नसे. "अंघोळीला जाताना तरी काढा हो ती. जशी काय सरकारी खजिन्याचीच!" आबा हसायचे आणि किल्ली लुंगीच्या आत खोचायचे. आज त्या करदोड्याला किल्ली नाही. ती का नाही हे मला सांगायचंय, आणि सांगताना मी अधूनमधून चिडणार आहे, ते आधीच सांगून ठेवते.

किल्ली होती गावच्या खोलीची. लालबागला आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर जिन्यालगत ती खोली, आणि तीन दारं सोडून आमचं बिऱ्हाड. गावची खोली म्हणजे सगळ्या गावाची. आमच्या मालवणाकडच्या गावातल्या गिरणीकामगारांनी पूर्वी कधीतरी मंडळ काढून ती घेतली. गावातून पोरगा मुंबईत आला की त्याने ट्रंक खांद्यावर टाकून थेट इथे यायचं. एका खोलीत तीस-तीस माणसं राहिलीत. एक पाळी कामावरून आली की दुसरी उठून जायची, वळकट्या काही गार व्हायच्या नाहीत. भिंतीला लागून पत्र्याच्या ट्रंकांची चळत, प्रत्येकीवर रंगाने नाव आणि वाडी, वर ग्रामदेवतेची तसबीर. आबा सतराव्या वर्षी याच खोलीत उतरले. पुढे लग्न झालं, स्वतःची खोली झाली, पण त्यांची ट्रंक तिथेच राहिली. मग मंडळाने किल्ली त्यांच्याकडे दिली.

खोलीचे नियम मला तोंडपाठ आहेत, कारण आबांनी ते आम्हा भावंडांना पाढ्यांसारखे ऐकवलेत. आधी वहीत नाव, मग ट्रंक आत, मग माणूस आत. वहीत ज्याचं नाव, त्याला किंवा त्याच्या घरच्यांना कधीही किल्ली मागता येते, आणि किल्लीवाल्याने का म्हणून विचारायचं नाही. आणि वहीत नाव फक्त आपल्या गावच्या माणसाचं. त्या वहीत गाव असा एक रकाना होता. गाव सगळ्यांचं एकच, म्हणून आबा पानावरच्या पहिल्या ओळीत झोकदार अक्षरात गावाचं नाव लिहायचे आणि खाली प्रत्येक ओळीत नुसत्या दोन टिकल्या द्यायचे. चाळीस वर्षांत त्या रकान्यात दुसरं काही लिहिलं गेलं नाही.

मी इथल्याच एका शाळेत क्लार्क. लग्न केलं नाही, तो विषय इथे नको. आई गेल्यापासून आबा आणि मी, दोघंच.

ज्या वर्षी साथ आली आणि सगळं बंद पडलं, त्या वर्षी आमची खोली शिमग्यामुळे रिकामी होती. शिमग्याला आमचा माणूस मुंबईत थांबत नाही. नोकरी सोडेल, पण पालखीला खांदा द्यायला जाईल. पोरं गेली ती तिकडेच अडकली. मागे राहिलेले दोन-तीन नंतर पास काढून टेम्पोने गेले, आणि गावाने त्यांना उचलून शाळेत ठेवलं. एरवी मुंबईकर आला म्हटलं की अंगणात खुर्च्या पडतात, कोंबडी कापली जाते. त्या वर्षी मुंबईकर आला म्हटलं की दारं लागत होती. गिरणीच्या जागेवर समोर जो टॉवर उभा आहे, तिथली माणसं पहिल्याच आठवड्यात गाड्या भरून अलिबाग-लोणावळ्याला गेली. जाताना कुत्रीसुद्धा नेली. आम्ही गॅलरीत उभं राहून बघत होतो. जो तो आपापल्या गावाकडे, ज्याला गाव नव्हतं त्याने विकत घेऊन ठेवलेलं.

माझी एक मैत्रीण आहे, शाळेपासूनची. मागच्या चाळीत राहते, परळच्या एका हॉस्पिटलात आया आहे. ती आमच्याच गावची. म्हणजे गाव तेच, वाडी वहाळापलीकडची, ओढ्याच्या त्या अंगाची, बौद्धवाडी. त्या दिवसांत तिला सुट्टी नव्हती. लोकांनी तिच्यासाठी थाळ्या वाजवल्या आणि तिच्याच चाळीत नळावर तिला सगळ्यांच्या शेवटी उभं केलं. मी तिला म्हटलं, "तू पण जायचंस ना गावाला थोडे दिवस." ती हसली. "मी कशाला जाऊ गं? तुम्हाला गाव आत्ता कुठे शाळेत ठेवायला लागलं. आम्हाला तर पहिल्यापासूनच वेशीबाहेर ठेवलंय." मी चहा टाकते म्हटलं. ती म्हणाली, नको, अंगावर हॉस्पिटलचे कपडे आहेत.

आणि मग ते सहा जण आले.

आमच्या मागच्या गल्लीत शिलाईचा गाळा होता. तिथे बंगालकडचे सहा कारागीर कापड शिवायचे आणि मशिनींच्या मधेच झोपायचे. मालकाने गाळ्याला कुलूप लावलं आणि फोन बंद करून टाकला. गाड्या बंद. हे सहा जण आमच्या चाळीखालच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसले. दोन दिवस बसले. एकाची पिशवी, एकाची चादर, एकाच्या हातात कात्री, ती कागदात गुंडाळलेली. आबा गॅलरीतून बघत होते. पहिल्या दिवशी मी त्यांच्यासाठी खाली भात-आमटी पाठवली आणि मला वाटलं, आपण केलं आपल्यापरीने. दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर आबा लुंगीत खोचलेली किल्ली बाहेर काढतायत.

"आबा, कुठे?"

"खोली उघडूक."

अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या. "तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना? पंचाहत्तरीला आलात. चाळीत आजार फिरतोय. ती कुठली कोण माणसं, तुम्हाला काही झालं तर मी कुठे घेऊन पळू? आणि मंडळ? मंडळ सोडेल तुम्हाला?"

आबा चिडले की मालवणीत जातात, आणि शांत असले की तर हमखास जातात. म्हणाले, "मी इलंय तेव्हा माझी ट्रंक उतरून घेवक कोणतरी होतो. ह्येंका कोण आसा?" आणि गेले.

पण नियम मोडायचा तोही नियमाने! ते सहा जण दारात उभे, आणि आबा म्हणतात, थांबा, आधी वहीत नाव. एकेकाला विचारून नावं लिहिली, आणि गावाच्या रकान्यात हात सवयीने चालला. वर आमच्या गावाचं नाव, खाली पाच ठिकाणी टिकल्या. मी म्हटलं, "आबा, हे काय लिहिलंत?" त्यांनी चष्मा वर करून बघितलं. "अरेच्चा. करूया मागाहून दुरुस्त." मग ट्रंक. त्यांच्याकडे ट्रंका कुठल्या? आबांनी चळतीतून सहा ट्रंका ओढून काढल्या. ज्यांच्या होत्या ती माणसं कधीच गेलेली, घरचे न्यायला आलेच नाहीत. आबांनी त्या पुसल्या आणि एकेकाच्या पुढे ठेवल्या. त्यांच्यातला सगळ्यात मोठा, दाढी पिकलेला, तो ट्रंकेवरच्या नावावरून हात फिरवून म्हणाला, "चाचा, ये किसका है?" आबा म्हणाले, "तुम्हारा है." आबांचं हिंदी एवढंच.

चार दिवसांत अध्यक्षांचा फोन. मंडळाचे अध्यक्ष डोंबिवलीला राहतात, वयाने माझ्याएवढे, माणूस वाईट नाही. पण तिकडे गावात कोणीतरी कळवलं होतं की आपली पोरं शाळेच्या फरशीवर आणि आपल्या खोलीत परके. "आबा, हे मी काय ऐकतोय? खोली गावची आहे. आजच्या आज बाहेर काढा त्यांना."

"खंय काढू? गाड्या खंय आसत?"

"ते मला माहीत नाही. नाहीतर सगळं सुरळीत झालं की सभा लागेल, आणि तुम्हाला किल्ली सोडावी लागेल. मग मला बोलू नका."

आबांनी फोन ठेवला आणि त्यांचा हात कमरेशी गेला. मी बघितलं ते. गिरणी बंद पडली, आई गेली, भाऊ नालासोपाऱ्याला राहायला गेला, तरी आबा ताठ चालत होते ते त्या किल्लीवर. जिन्यात माणसं त्यांना वाट द्यायची ती किल्लीवाले आबा म्हणून. ती गेली असती तर ते चाळीतल्या दहा म्हाताऱ्यांत अकरावे. त्यांना ते पक्कं माहीत होतं. तरी त्यांनी संध्याकाळी सहा जणांना विचारलं, जेवण कसं काय करायचं?

त्यांचे रोजे सुरू झाले तेव्हा तर कमालच. सूर्य टॉवरच्या मागे गेला की आम्हाला तो दिसत नाही. म्हणून आबा गच्चीवर जाऊन बघायचे आणि खाली येऊन दारातून सांगायचे, "हां, गेला. खा आता." मी घावने करून द्यायचे. सुरुवातीला तोंड फुगवून, मग न फुगवता. त्या कारागिरांनी आईची जुनी शिलाई मशीन दुरुस्त केली आणि अख्ख्या मजल्याच्या गोधड्या, अभ्रे, फाटके परकर शिवून काढले. खोलीतल्या वळकट्यांना नव्या खोळी घातल्या. देवीच्या तसबिरीची काच इतकी वर्षं धुरकट होती, ती त्यांनी पुसली. त्यातल्या एकाची बायको दिवसांत होती. तो कोणाशी फार बोलत नसे. दुपारी गॅलरीच्या टोकाला उभा राहून फोन लावायचा आणि लागला नाही की पुन्हा लावायचा.

एकदा ड्यूटीवरून येताना माझी मैत्रीण जिन्याशी थांबली. मी चार पायऱ्या वर उभी राहून तिला आबांचे प्रताप ऐकवत होते, तक्रारीच्या सुरात, पण खरं सांगायचं तर मला तोवर त्यांचा अभिमान वाटायला लागला होता. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "चांगलं केलं काकांनी. खरंच चांगलं केलं. फक्त एक सांगू? सहा परक्यांना जागा झाली तुमच्या खोलीत. माझ्या बापाला नाही झाली. तो पण याच गावचा होता. आठ महिने या जिन्याखाली झोपला तो, हे मी उभी आहे ना, इथे." तिच्या आवाजात राग नव्हता, ती दमलेली होती. मी वळून बघितलं तर आबा माझ्या मागे ताकाचा गडवा घेऊन उभे. त्यांनी तो गडवा माझ्या हातात दिला आणि आत निघून गेले.

मग बातमी आली की कामगारांसाठी गाड्या सुटणार. पोलीस ठाण्यात यादी द्यायची, डॉक्टरचा दाखला लावायचा. आबा उत्साहाने बसले. यादी म्हणजे त्यांचा प्रांत. वही उघडली, कोऱ्या कागदावर रकाने आखले आणि वहीतून एकेक ओळ उतरवून काढली. झोकदार अक्षर. मी शाळेच्या कामात होते, बघितलं नाही. ते सहा जण बंगाली वाचणारे, त्यांना मराठी यादी काय कळणार. यादी गेली. आम्ही वाट बघत बसलो. आठवडा गेला. बंगालकडची एक गाडी सुटल्याचं ऐकलं, पण यांना बोलावणं नाही.

आणि एका दुपारी ठाण्यातून फोन. स्पीकरवर होता, सगळ्यांनी ऐकला. "काका, तुमची सहा माणसं तयार ठेवा. उद्या सकाळी कोकणात एस.टी. सोडतोय."

"कोकणात?" आबा म्हणाले. "साहेब, ती माणसं बंगालची."

"बंगालची कशी? तुमच्या यादीत गाव लिहिलंय की." आणि त्याने आमच्या गावाचं नाव वाचून दाखवलं. "आणि खाली सगळ्यांना टिकल्या. तुमचंच अक्षर ना?"

आबांच्या तोंडावरचा रंगच उडाला. दाढीवाल्या कारागिराला हळूहळू कळलं. तो म्हणाला, "कोई बात नहीं चाचा, गलती होता है." पण ज्याची बायको दिवसांत होती तो भिंतीला टेकून खाली बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. त्याची गाडी त्याला न घेता गेली होती.

मी काय काय बोलले ते सगळं लिहवत नाही. "गाव, गाव, गाव! जन्मभर त्या एका गावाच्या टिकल्या देत बसलात! त्याच्या बायकोला काही झालं तर तुमच्या टिकल्या जाणार आहेत का तिथे?" असं बरंच. आबा वही मांडीवर घेऊन त्या टिकल्यांवरून बोट फिरवत बसले. ते रडले असते तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला उठून बघते तर आबा घरात नाहीत. म्हाताऱ्यांनी बाहेर पडायचं नाही असा तेव्हा हुकूम होता. हे महाशय तोंडाला उपरणं बांधून ठाण्याबाहेर रांगेत, मे महिन्याच्या उन्हात. हवालदार ओरडला, "काका, मरायचंय का?" तर म्हणाले, "चूक माझी आसा, निस्तरूक मीच येवक व्हया." त्या दिवशी काम झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मला स्वतःचीच लाज वाटली आणि मी छत्री घेऊन त्यांच्याबरोबर गेले. साहेबांसमोर नवी यादी त्यांनी माझ्याकडून लिहवून घेतली. स्वतःच्या हातावर त्यांचा भरवसा राहिला नव्हता. सहाही ओळींत मी सहा जणांचं गाव पूर्ण लिहिलं, एकही टिकली न देता.

नऊ दिवसांनी गाडी मिळाली. जायच्या दिवशी त्या सहा जणांनी खोली धुतली, ट्रंका पुसून होत्या तशा चळतीला लावल्या. दाढीवाल्याने आबांचे हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. चौथ्या दिवशी फोन आला. "चाचा, बेटी हुआ है. मैं नहीं था, फिर भी अच्छा है सब." बाप पोचायच्या आदल्या दिवशी ती जन्मली होती. आबा फोनवर नुसतं "बरा, बरा, बरा" म्हणत राहिले. एका दिवसाने चुकलं, ते त्यांच्या मनातून आजतागायत गेलेलं नाही.

मी त्यांना म्हटलं, आता वहीतलंही दुरुस्त करून टाका. म्हणाले, "रवांदे तसाच."

पुढे हळूहळू सगळं सुरू झालं. आमच्या गावची निम्मी पोरं परत आलीच नाहीत. एकाने हायवेला चहा-वड्याचं दुकान टाकलं, एकाने कोंबड्या पाळल्या, एक म्हणाला शाळेच्या फरशीवर झोपून मला गाव कळलं, आता मी इथून हलत नाही. जी आली त्यांनी विरार, दिवा गाठलं. त्या सहांपैकी चौघे परत आले, त्याच गल्लीत दुसऱ्या गाळ्यात बसले. आणि एका रविवारी मंडळाने सभा लावली, गावच्या खोलीतच.

पंधराएक माणसं. मास्क हनुवटीखाली. आमच्याकडे सभेत बायका आत बसत नाहीत, मी उंबऱ्यापाशी उभी. अध्यक्षांनी वही उघडून ते पान सगळ्यांना दाखवलं. "सहा नावं. आणि गावाच्या रकान्यात आपलं गाव. आबा, ही माणसं आपल्या गावची?"

मग एक तरुण सभासद म्हणाला, त्याला आबांना सांभाळून घ्यायचं होतं हे स्पष्ट दिसत होतं, "वयोमानाने होतं हो असं. पोलिसांच्या यादीतही आबांची हीच चूक झाली होती. वहीत एक रेघ मारूया, बाजूला 'चुकून' असं लिहूया. विषय संपला. किल्ली आबांकडेच राहू दे." सगळ्यांनी माना हलवल्या. अध्यक्षांनीसुद्धा. त्यांनी पेन आबांच्या हातात दिलं. मी उंबऱ्यातून डोळ्यांनी सांगत होते, मारा रेघ. मारा आणि उठा.

आबा उठून उभे राहिले. सभेत ते शुद्ध बोलतात.

"पोलिसांच्या कागदावर चूक होती. त्या चुकीने एक बाप मूल जन्मताना घरी नव्हता. ती मी जन्मभर विसरणार नाही. पण या वहीत चूक नाही. ती माणसं या खोलीत राहिली, त्यांनी खोली झाडली, देवीची काच पुसली. मी रेघ मारणार नाही." मग ते थांबले. मला वाटलं झालं. "चूक दुसरीकडे आहे. मी ज्या वर्षी आलो, त्या वर्षी आपल्याच गावचा आणखी एक पोरगा आला होता. माझ्याच वयाचा. माझ्याच गिरणीत, माझ्याच खात्यात लागला. त्याचं नाव या वहीत नाही. तो आठ महिने आपल्या जिन्याखाली झोपला. मी रोज त्याला ओलांडून पाळीवर जात होतो. वही तेव्हा माझ्याकडे नव्हती. पण पाय माझेच होते."

खाली बसून त्यांनी वही जवळ ओढली आणि सहा नावांच्या खाली सातवं नाव लिहिलं. माझ्या मैत्रिणीच्या वडलांचं. गावाच्या रकान्यात टिकल्या दिल्या नाहीत. गावाचं नाव पूर्ण लिहिलं, एकेक अक्षर सावकाश.

अध्यक्ष वैतागले. "आबा, गेलेल्या माणसाचं नाव लिहून आता काय होणार?"

कोपऱ्यात एक जुने कामगार बसले होते, कानाने कमी, सभेत कधी बोलत नाहीत. ते म्हणाले, "रवांदे ता. गिरणीत तो माझ्या बाजूच्या साच्यार होतो. माका पण दिसा होतो जिन्याखाली." आणि खाली बघत बसले. अध्यक्षांनी रिवाजाप्रमाणे पानाखाली सही केली. आबांनी करदोड्याची गाठ सोडायला घेतली. ती काही केल्या सुटेना, चाळीस वर्षांची गाठ ती. शेवटी मी आत गेले आणि दातांनी सोडवली. त्यांनी किल्ली वहीवर ठेवली, आणि अध्यक्षांनी ती दुसऱ्या मजल्यावरच्या चिटणिसांच्या हवाली केली.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. जिना चढताना आबांचा हात कमरेशी जायचा आणि परत यायचा. मी मैत्रिणीला सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन ड्यूटीला निघून गेली. मी जरा रागावलेच मनातून.

पुढच्या रविवारी सकाळी खाली पत्र्याचा आवाज झाला. मैत्रीण जिन्याशी उभी, पायाशी एक ट्रंक. हिरवा रंग, जागोजाग पोपडे आलेले, वर नाव आणि खाली वहाळापलीकडच्या वाडीचं नाव. तिने ती तिथेच ठेवली, जिन्याखाली, आणि एकटी वर आली. चिटणिसांच्या दाराशी जाऊन म्हणाली, "किल्ली द्या."

चिटणीस म्हणाले, "कोणाच्या नावावर?"

तिने वडलांचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. चिटणीस तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या तोंडावर आलं होतं काहीतरी. पण नाव वहीत होतं, आणि नियम त्यांनाही पाठ होता. त्यांनी किल्ली आणून दिली.

तोवर आबा खाली पोचले होते. ट्रंकेची एक कडी त्यांनी धरली, एक तिने. मी म्हटलं, आबा, सोडा, मी घेते. त्यांनी मान हलवली. जिन्याखालून तिसऱ्या मजल्यापर्यंत ते दोन ठिकाणी टेकले, धापा टाकत, पण कडी सोडली नाही. वर आल्यावर तिने कुलूप काढलं. पहिल्यांदाच काढत होती, किल्ली दोनदा उलटी लागली. मग दार उघडलं, ती आत गेली, आणि ट्रंक ओढून आबांच्या ट्रंकेशेजारी लावली.

आबा बाहेरच उभे होते. आता किल्ली त्यांच्याकडे नव्हती ना. उंबऱ्याबाहेर हात जोडून, पहिल्या दिवशी आलेल्या पोरासारखे.

ती पदराने हात पुसत दारात आली आणि म्हणाली, "काका, बाहेर का उभे? या ना आत."